फक्त दोन मिनिटं, काकू

बिटकोच्या सिग्नलला ते चौघं उभे असतात.
पोपटी जाकिटं, गळ्यात पट्टा, हातात टॅब,
आणि फूटपाथ असा वाटून घेतलेला
की एकाला चुकवावं तर दुसऱ्याच्या तोंडी.

मी औषधांच्या दुकानाकडून वळते.
तिथंही एक.
"काकू, फक्त दोन मिनिटं."
दोन मिनिटं दोन नसतात, हे मला माहीत आहे,
त्यालाही माहीत आहे.

मोबाइल कानाला लावून पाहिला,
तो नेमका तेव्हाच वाजला.
नातवाला ताप आहे म्हणून पाहिलं. मला नातू नाही.
"मागच्या आठवड्यात दिलेत," म्हटलं,
तर म्हणतो, "कुठल्या संस्थेला? पावती आहे का?"

आमच्या सोसायटीतले पिंगळे
कुत्रा गेल्यावरही साखळी हातात घेऊन निघतात.
साखळी दिसली की वाट देतात, म्हणे.
मेथीवाली अनसूया सकाळपासून शिव्या घालते,
तिचं निम्मं गिऱ्हाईक
आता पलीकडच्या बाजूनं जातं.
आणि चौधरीबाईंनी एकदा भिडेनं सही केली,
तर दरमहा आठशे जातात,
वर फोन येतो, बाराशे करता का.

मी छत्तीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
दिवसभर पैसा बोटांखालून जायचा
आणि सुटताना फाटकावर
डबा उघडून दाखवायचा, पिशवी झटकायची.
अजून कुणी आडवं आलं
की माझे दोन्ही हात आपोआप वर येतात.
त्याला वाटलं, मी नमस्कार करते आहे.
त्यानंही केला.
झालं. सापडले.

टॅबवर ती मुलगी.
निळा फ्रॉक, हातात जर्मनची ताटली.
दोन वर्षांपूर्वी ती सात वर्षांची होती.
यंदाही सातच.
तेव्हा भुकेसाठी, आता शाळेसाठी,
मध्ये एकदा तिच्या हृदयाला भोक होतं.
"हिचं नाव काय रे?"
पाठ करून घेतलेल्यात हा प्रश्न नसावा.
रिक्षा, बस, एक ट्रॅक्टर निघून गेला.
"तृप्ती," तो म्हणाला,
जिभेवर होतं ते.

मी सही केली नाही.
"विचार करते" असंही म्हटलं नाही.
नाही म्हटलं, आणि तो सोबत चालत राहिला
मुक्तिधामच्या वळणापर्यंत,
आठशे, पाचशे, निदान तीनशे,
स्वतःशीच लिलाव केल्यासारखा.
घरी येऊन किल्ली दारात फिरेना,
इतका हात थरथरत होता. रागानं.

संध्याकाळी वडापावच्या गाडीमागे दिसला.
जाकीट उलटं करून मांडीवर,
समोर बाईकवर बसलेला कुणी
गाडी बंद न करताच बोलत होता,
"तीन फॉर्म. एक नाही, तीन. नाहीतर उद्या येऊ नको."
बाईक गेली. वडा तसाच.
मग फोनवर, हळू,
"तृप्ते, बाईंना सांग सोमवारी भरतो.
अगं, सांग तर खरं."

लोक विचारायचे, खोटी नोट कशी ओळखता?
खोट्या नोटा आमच्याकडे यायच्याच नाहीत.
आम्ही खऱ्यातली चूक शोधायचो.
सरकलेला आकडा, कुठं न उठलेली शाई.
ते वेगळं काढायचं, खूण करायची,
पुढं त्याचं काय होई ते आमच्याकडे नव्हतं.

राग तसाच आहे. खोटं कशाला बोलू?

काल पुन्हा तोच.
मला ओळखलं नाही. दिवसाला किती काकू!
"फक्त दोन..."
"भरली का तृप्तीची फी?"

त्यानं टॅबकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
टॅब खाली केला
आणि बाजूला झाला.
औषधाच्या दुकानापासून झेब्रापर्यंत
सगळा फूटपाथ मोकळा.
मला हेच तर हवं होतं.

सिग्नल नुकताच लाल झालेला.
तो उभा, शेजारी मी,
आणि समोरच्या खांबावर
एकशे एकोणीस,
एकशे अठरा.